निजती धार

तात्यांचा हात थरथरतो हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीच ते बोलून दाखवलं नव्हतं. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले तेव्हा मुलगा भिंतीकडे बघत चहा प्यायला लागला. सून त्यांचा कप अर्धाच भरायला लागली. "चहा कमी झालाय हल्ली," तात्या म्हणायचे. "दूध कमी येतं," सून म्हणायची. असं सगळ्यांनी मिळून ते निभावून नेलं होतं.

पण तात्या सुतार होते. सुताराच्या हातात काय बिघडलंय ते शेवटी लाकडावर उतरतंच.

आसपास त्यांना धारवाले तात्या म्हणत. कुणाच्या विळ्याची धार गेली, कुणाची करवत अडायला लागली, की पावलं आपोआप त्यांच्या ओट्याकडे वळायची. घरातलं कामही तसंच वाटलेलं होतं. लाकूड कापायचं, रंधायचं, जोडायचं मुलानं. धार लावायची तात्यांनी. मुलाच्या दंडात ताकद भरपूर, पण धार लावायला जो धीर लागतो तो त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. दगडावर चार हात मारले की तो "झालं" म्हणून उठायचा. तात्या म्हणायचे, "पातं नाही झालं, तू झालास."

रंध्याचं पातं म्हणजे तळहाताएवढी लोखंडी पट्टी. तिचं एक टोक उतरतं घासलेलं असतं, तो उतार दगडावर टेकवून पुढेमागे घासायचा. पुढे जाताना आणि मागे येताना कोन तोच राहिला पाहिजे, एवढंच काय ते. हात डुलला की उतार गोल होतो आणि पातं लाकूड कापायचं सोडून त्याच्यावरून घसरतं, नाहीतर कुरतडतं. तात्यांच्या घरात धारेच्या दोन जाती मानत. उतार लांब घासून पातं पातळ केलं की ती निजती धार; उतार आखूड ठेवून पातं जाड राखलं की ती उभी. मऊ लाकडाला निजती, कठीण लाकडाला आणि गाठींना उभी. मधल्या सगळ्या पायऱ्या तात्या लाकूड बघून ठरवायचे आणि कुणाला समजावत बसायचे नाहीत.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. वारा सुटला तो थांबायचं नाव घेईना. घरं बांधणाऱ्यांनी बांधकामं अर्धवट सोडली, दारं-खिडक्यांचं काम बंद पडलं आणि घरात एकच काम उरलं, मधमाश्यांच्या पेट्यांचं. लाकूड पांढरं, मऊ, हलकं. पेट्या नेणारा मधवाला मात्र भारी चिकित्सक होता. एक दिवस त्यानं दोन पेट्या परत आणून ओट्यावर ठेवल्या, त्यातली एक उचलून सूर्याकडे धरली आणि बाजूला झाला. जोडातून उजेडाची रेघ दिसत होती.

मुलगा म्हणाला लाकूड ओलं होतं, वाळून आकसलं. मधवाल्यानं पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला की हे आकसलेलं नाही, कुरतडलेलं आहे. पुढच्या खेपेलाही असंच निघालं तर आपण वळणावरच्या मशीनवाल्याकडे जाऊ, तो विजेवर रंधतो, त्याचं काम कसं आरशासारखं येतं. तात्या तिथंच दगडापाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पातं दगडावर ठेवलेलंच होतं आणि त्यांचा हात ते दगडावर टकटक वाजवत होता. तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

सुनेच्या वडलांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि वस्तऱ्यांना धार लावायला मागच्या दाराशी एक बारीक दगड. लग्नाआधी ती धार तीच लावायची. वडलांचा तिच्या हातावर स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. वस्तऱ्याचं एक बरं असतं. तो दगडावर पुरता आडवा टेकतो. पाठ टेकली, धार टेकली, की कोन आपोआप ठरतो. माणसानं फक्त तो उचलायचा नाही. वडलांनी तिला शिकवलं ते एवढंच: उचलायचं नाही.

पेट्या परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बापलेक जेवून आडवे झाल्यावर, तिनं रंध्याची पाचर सैल करून पातं काढलं आणि मागच्या अंगणात कपडे धुवायच्या जागेवर दगड घेऊन बसली. तात्यांनी घासलेला उतार गोल झाला होता. तिला ते बघवेना. तिनं तो जितका आडवा धरता येईल तितका धरला आणि घासत राहिली, दगडावर पाणी मारत, अंगठा न उचलता. एका दुपारीत होण्यासारखं ते काम नव्हतं. लाकूड आणखी वाळेपर्यंत मुलानं रंधा बाजूला ठेवला होता, तेव्हा आठवडाभर ती रोज दुपारी थोडं थोडं घासत राहिली आणि शेवटी नवऱ्याच्या जुन्या कमरपट्ट्यावर वस्तरा पाजळतात तसं ते पातं पाजळलं.

त्या संध्याकाळी मुलानं फळीवर रंधा टाकला आणि तो थांबलाच. रंध्यातून निघालेला छिलका सलग होता, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कांद्याच्या सालीतून दिसावं तसं त्यातून पलीकडचं दिसत होतं. तात्या उठून आले. त्यांनी तो छिलका उजेडात धरला. हाताबरोबर छिलकाही हलत होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"परत आला," ते म्हणाले. "हात परत आला माझा."

सून दारात उभी होती. तिला इतका आनंद झाला की हसू लपवायचंही सुचलं नाही.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी नवरा तिच्याजवळ येऊन बसला. तिच्या नखांत दगडाचा काळा गाळ अडकला होता, तो त्याला दिसला. तूच ना, त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. त्यानं हळू आवाजात बजावलं की त्यांना कळू द्यायचं नाही. ती म्हणाली, मी कशाला सांगायला जातेय. "बापरे, दुकानदाराची लेक," तो म्हणाला, "तू तर केसानं गळा कापशील आमचा." दोघंही तोंड दाबून हसले.

मग तेच सुरू झालं. सकाळी तात्या ओट्यावर बाह्या सरसावून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत धार लावायचे. दुपारी सून ती धार मागच्या अंगणात पुन्हा लावायची. मधवाला खूश होऊन आणखी पेट्या सांगून गेला. तात्या कप भरून चहा मागायला लागले. सांडला की म्हणायचे, कप फार गरम आहे. एकदा त्यांनी ओट्यावर जमलेल्यांसमोर मनगटावरचे केस त्या पात्यानं काढून दाखवले. सून आत भाजी चिरत होती. तिनं ऐकलं, आणि खोटं कशाला बोला, तिची छाती फुगली.

उन्हाळ्याच्या शेवटी मोठं वादळ झालं. मास्तरीणबाईंच्या अंगणातलं जुनं झाड मुळासकट आडवं झालं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. झाड त्यांच्या आईनं लावलेलं होतं. त्यांनी ते जळणाला जाऊ दिलं नाही, वखारीतून फळ्या कापून आणल्या. पण खोड आतून पोखरलेलं निघालं आणि धड अशी एकच फळी मिळाली, रुंद, जाड, दगडासारखी कठीण. बाईंना तिचं टेबल हवं होतं, मध्ये जोड नसलेलं.

मशीनवाला आधी आला. त्यानं फळी मोजली आणि सांगितलं की माझ्या मशीनचं तोंड एवढं रुंद नाही. फळी मधून चिरतो, रंधतो, पुन्हा जोडतो, कुणाला दिसणारही नाही. "मला दिसेल," बाई म्हणाल्या. मग तात्यांना बोलावणं आलं. तात्यांनी फळीवर पाणी शिंपडून लाकडाची रेघ बघितली. मध्यावर मोठी गाठ होती आणि तिच्याभोवती रेघा पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या फिरल्या होत्या. अशा ठिकाणी रंधा एका अंगानं सुलटा जातो आणि दुसऱ्या अंगानं उलटा, आणि उलटा गेला की लाकूड उचकटतं. अंगणात चारपाच माणसं उभी होती. मशीनवालाही गेला नव्हता.

"हातानं करून देतो," तात्या म्हणाले. "टवका उडाला तर उद्यापासून मला धारवाले म्हणू नका."

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. पण अशा वेळी बापाला अडवणार कसा? तो फळीचं माप घ्यायला वाकला.

दुसरी सकाळ तात्यांनी सगळी त्या पात्यावर घालवली. खरबरीत दगड काढला आणि पातं उभं धरून उतार आखूड केला. या लाकडाला उभी धार लावलीय, असं त्यांनी मुलाला सांगितलंही. मुलाला वाटलं, बायकोला हे माहीत असेल, दगडावर रोज तीच तर बसते. त्यानं तिला काही सांगितलं नाही.

दुपारी सुनेनं पातं हातात घेतलं आणि उजेडाकडे वळवलं. इतक्या दिवसांची तिची सगळी मेहनत गेली होती. उतार बुटका झाला होता, वर गोल, एका कोपऱ्यात तर दोनदोन पैलू पडलेले. तिला वाटलं, हात आता पुरताच गेला म्हाताऱ्याचा. त्यांना कळतसुद्धा नाही आपण काय करतोय. तिला इतकी दया आली की डोळे भरून आले, आणि त्या दयेच्या भरात ती तोच खरबरीत दगड घेऊन उन्हं उतरेपर्यंत घासत राहिली. पातं पुन्हा पहिल्यासारखं पातळ, आडवं, वस्तऱ्यासारखं करून तिनं फडक्यात गुंडाळून ठेवलं.

रंध्यात पातं बसवून पाचर ठोकायचं काम मुलगाच करायचा, हातोडीचा नेम तात्यांना आता धरवत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं फडकं सोडलं, पातं सरकवलं, पाचर ठोकली. उताराकडे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

फळी धरायला तिसरं माणूस हवं म्हणून सूनही बाईंच्या अंगणात गेली. बघायला बरेच जण जमले होते, कामं बंद असली की माणसं कशालाही जमतात. सुरुवात तात्यांनीच करायची असं त्यांनी ठरवलं होतं. रंधा दोन्ही हातांनी दाबला, अंगाचा भार टाकला की त्यांची थरथर रंध्यातच जिरायची. पहिले हात छान गेले. छिलके पातळ निघाले आणि लोकांनी ते उचलून एकमेकांना दाखवले. सून फळीचं टोक धरून उभी होती. तिला वाटत होतं की सगळे आपल्याकडेच बघतायत.

मग रंधा गाठीवर गेला. टिक असा बारीक आवाज झाला. पुन्हा एकदा झाला. सुनेला तो ऐकू आला आणि तिनं फळी घट्ट धरली. वडलांच्या दुकानात तो आवाज तिनं एकदाच ऐकला होता, वस्तरा फरशीवर पडला तेव्हा. पात्याची धार तुटून तिला दात पडत होते. तात्यांनाही ऐकू आला असणार, ते जन्मभर तोच आवाज टाळत आले होते. पण भोवती माणसं होती. ते थांबले नाहीत. त्यांनी आणखी जोर लावला, रंधा अडला, हिसका बसला आणि गाठीच्या पलीकडे लाकूड उचकटून वीतभर लांब टवका उडाला.

टवका उडून गर्दीतल्या एका बाईच्या पायाशी पडला होता, ती दोन पावलं मागं सरली. मास्तरीणबाई पुढे आल्या आणि त्या खड्ड्यावरून त्यांनी बोटं फिरवली. बोटाचं अर्धं पेर आत जात होतं. त्यांनी पदरानं तिथला भुसा पुसला, जसं काही पुसल्यानं ते भरून येणार होतं.

"होतं असं," मशीनवाला म्हणाला. तो मनापासून, समजुतीनं म्हणाला, त्यामुळे ते ऐकवेना. "वय झालं की होतं, तात्या."

तात्यांनी मुलाला पातं काढायला सांगितलं. ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फडक्यात गुंडाळलं, बंडीच्या खिशात टाकलं आणि बाईंना म्हणाले की हात गेला माझा, मीच समजलो नाही, उद्या याच्याकडून चिरून घ्या. मशीनवाला म्हणाला, सकाळी येतो. घरी येताना तात्या पुढे, मुलगा मागे, सून सगळ्यात मागे. रस्त्यात भेटणाऱ्यांनी नमस्कार केला तेव्हा तात्यांनी हात वर केला नाही. तो खिशातच होता.

घरी कुणी जेवलं नाही. सुनेनं नवऱ्याला गाठून सांगितलं की चूक माझी आहे, मी धार निजवली. तेव्हा कुठे तो कपाळाला हात लावून म्हणाला की त्यांनी ती मुद्दाम उभी केली होती, मला सांगितलं होतं. मग तो म्हणाला की आता हे आपल्या दोघांतच राहू दे. तात्यांना सांगितलं तर त्यांना हेही कळेल की पेट्यांची धार त्यांची नव्हती, आणि मग त्यांच्यापाशी काहीच उरणार नाही. तो वाईट बोलत नव्हता. पण सुनेला रात्रभर त्या टवक्याचा आवाज ऐकू येत राहिला. ज्या माणसानं धार बरोबर निवडली होती तो स्वतःला दोष देत शेजारच्या खोलीत पडला होता, आणि ती कालपासून त्याची कीव करत होती. आपण कोण लागून गेलो कीव करणारे, असं तिला झालं.

सकाळी तात्या ओट्यावर बसले होते. समोर दगड नव्हता. तिनं चहा ठेवला, खुंटीवरच्या बंडीतून पातं आणलं आणि फडकं सोडून त्यांच्यापुढे धरलं.

"उतार बघा, तात्या."

त्यांनी बघितलं नाही, अंगठा फिरवला. दात पडलेल्या धारेवरून नाही, उतारावरून. मग पुन्हा फिरवला.

"ही निजती आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी उभी लावली होती."

"हो. मला वाटलं, तुमच्या हातून बिघडली. मी पुन्हा घासली. मला वस्तऱ्याचीच धार येते. दुसरी असते, हे मला ठाऊक नव्हतं."

तात्यांनी पातं उलटं केलं. पातं हलत होतं. मग त्यांनी विचारलं, "पेट्यांच्या वेळी?"

"तेव्हाही मीच."

"रोज?"

"रोज."

"त्याला माहीत होतं?"

ती हातातल्या फडक्याची घडी घालायला लागली. त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी पातं ओट्यावर ठेवलं, कपाकडे बघितलं. आज तो तिनं चुकून भरून आणला होता.

"मला खरंच वाटलं होतं हात परत आला म्हणून," ते म्हणाले.

ते रागावले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हताच. ते एखाद्या अनोळखी माणसाची क्षमा मागावी तसं बोलले, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पातं उचललं आणि तशीच बाईंच्या घराकडे निघाली. तात्यांनी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

मशीनवाला आधीच आला होता. दोन गडी फळी उचलायला वाकले होते. तिनं त्यांना थांबायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: धार तात्यांची नव्हती, माझी होती. त्यांनी बरोबर लावली होती, मी बिघडवली. त्यांचा यात काही दोष नाही. बोलताना ती पातं पुढे धरून उभी होती, पण त्यावरून कुणाला काय कळणार होतं?

मशीनवाल्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. गडी एकमेकांकडे बघून जरासे हसले. बाईंनी मात्र जवळ येऊन तिचा दंड धरला. त्यांचे डोळे ओले झाले होते.

"गुणाची आहेस," त्या म्हणाल्या. "घरच्याची लाज झाकायला स्वतःवर घेतेस. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही, सांग त्यांना."

"मी खरं सांगतेय, बाई."

"हो गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं.

तिला रडू आलं, आणि रडू आल्यामुळे तर ते जास्तच खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात फाटकातून तात्या आले. मागे मुलगा, त्याच्या दोन्ही हातांत दगड. त्याची मान खाली होती. तात्या सरळ फळीपाशी आले आणि म्हणाले की ती खरं सांगतेय.

आता गडीही हसेनात. बाईंचा चेहरा बदलला. त्यांना वाईट वाटल्याचं सगळ्यांना दिसलं.

"तात्या, तुम्ही तरी असं करू नका," त्या म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं. सुनेवर कशाला ढकलायचं?"

सुनेला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं. काल लोक त्यांना म्हातारा म्हणाले होते. आज खोटारडा म्हणत होते, आणि ते तिनंच आणून त्यांच्या पदरात टाकलं होतं.

तात्यांनी खिशातले हात बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर पुढे धरले. रिकामे, बोटं पसरून. हात थरथरत होते. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला नाही. ते एकेकासमोर हात धरत गेले, बाईंसमोर, मशीनवाल्यासमोर, गड्यांसमोर, आणि ज्याच्यासमोर धरले तो दुसरीकडे बघायला लागला. मुलानं तर डोळेच मिटून घेतले.

"या हातांना कप धरवत नाही," तात्या म्हणाले. "काल पहिले छिलके निघाले ते तुम्ही बघितलेत. तशी धार या हातांनी लागेल? तिची होती ती. मधाच्या पेट्यांचीसुद्धा तिचीच. मी मिरवत होतो." ते थांबले. "कोन मात्र मी बरोबर निवडला होता. तेवढं माझं होतं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. तात्या फळीच्या बाजूला उकिडवे बसले आणि सुनेला म्हणाले, दगड ओला कर.

ती बसली. आधी खरबरीत दगडावर दात पडलेली धार सपाट करायची होती, मग नवा उतार. तिनं सवयीनं पातं आडवं टेकवलं.

"उचल," तात्या म्हणाले.

तिनं किंचित उचललं.

"अजून. दाढी नाही करायची, गाठ कापायचीय. अजून उचल."

तिच्या मनगटाला ते जमेना. इतकी वर्षं जे करायचं नाही म्हणून शिकली तेच करायचं होतं, आणि माणसं बघत होती. पातं दगडावर खरखरलं, घसरलं. तात्या तिच्या हाताला हात लावत नव्हते, नुसतं सांगत होते: कोपर अंगाला लाव, खांदा सैल सोड, आता डुललीस, आता बरोबर, तिथंच धर. उन्ह भिंतीवरून अंगणात उतरलं. तिच्या मानेवरून घाम ओघळून दगडावर पडत होता आणि काळ्या गाळात मिसळत होता. कुणीतरी पाणी आणून दिलं. शेवटी तिनं पातं पुसून उजेडात धरलं. उतार आखूड होता, बुटका, परवा दुपारी जो बघून तिला दया आली होती तसाच, फक्त सरळ.

मुलानं पाचर ठोकली आणि रंधा टाकला. छिलके कालच्यासारखे निघाले नाहीत. आखूड, जाडे, तुटके निघाले, कुणी उचलून बघावे असे नव्हतेच. पण रंधा गाठीवर चढला आणि पलीकडे उतरला, आणि लाकूड जागचं हललं नाही. तो पुन्हा गेला, पुन्हा गेला. कालचा खड्डा प्रत्येक हाताला उथळ होत होता. फळी थोडी पातळ होणार होती, पण चिरावी लागणार नव्हती. बाई खुर्ची आणून बसल्या. त्यांनी तात्यांसाठीही खुर्ची आणली, तात्या नको म्हणाले. ते सुनेच्या आणि माणसांच्या मध्ये, जमिनीवरच बसून राहिले.

मशीनवाला बराच वेळ बघत होता. मग त्यानं आपल्या पिशवीत हात घातला, आत थोडं चाचपडला आणि लाकूड कोरायची एक पटाशी बाहेर काढली. तो माणूस वाईट नव्हता, तात्यांकडे त्याचं पूर्वी जाणंयेणं होतं. तो दोन पावलं पुढे आला आणि वाकून, तात्यांच्या डोक्यावरून हात लांब करून, त्यानं ती पटाशी सुनेपुढे धरली.

"वहिनी," तो म्हणाला, "एवढी हिलाही धार लावून देता का?"

तिचा हात पुढे होईना. तिनं तात्यांकडे बघितलं. तात्या जमिनीला हात टेकून जरासे बाजूला सरकले, त्याला पटाशी नीट देता यावी म्हणून.

मग तिनं ती घेतली.